हेप्पु

हुबळीच्या इस्पितळात डॉक्टर माझ्या काकांच्या पोटरीवरून ते गार यंत्र फिरवत होते. पडद्यावर राखाडी धुकं. एका जागी ते थांबले आणि शेजारच्या शिकाऊ मुलीला म्हणाले, "इल्लि नोड, रक्त हेप्पुगट्टैति." इथं बघ, रक्त साकळलंय. काकांचा चष्मा, छत्री आणि एक चप्पल हातात घेऊन मी भिंतीशी उभी होते. घाबरायला हवं होतं आणि घाबरलेही. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, माझ्या डोळ्यांपुढे दह्याचं पातेलं आलं.

त्याला कारण होतं. आदल्याच संध्याकाळी धारवाडला माळमड्डीत शेजारच्या अक्कांच्या दारात वाटी घेऊन मी म्हटलं होतं, "अक्का, स्वल्प हेप्पु कोड्री." हेप्पु म्हणजे विरजण. चोवीस तासांच्या आत तोच शब्द पुन्हा कानावर आला, तो काकांच्या पायातल्या शिरेबद्दल.

मराठीत असं होत नाही. आपल्याकडे तूप थिजतं, पाणी गोठतं, रक्त साकळतं आणि दही लागतं. प्रत्येक घट्ट होण्याला वेगळं क्रियापद, जसं सणाला वेगळं पातळ. कन्नडनं मात्र रक्त आणि दही एका वाटीत ठेवलं. धारवाडी कन्नड कानावर घेत वाढूनही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. दोन भाषांत वाढलेल्या माणसाचं असंच होतं. दोन्ही इतक्या अंगावरच्या असतात की त्यांच्याकडे लांबून बघायचं राहून जातं.

त्यातही दही 'लागतं' हे मला फार आवडतं. जीव लागतो, नाद लागतो, डोळा लागतो, तसं दही लागतं. करणारा कुणी नाही. आपण फक्त दूध कोमट करायचं, चमचाभर विरजण लावायचं, झाकायचं आणि बाजूला व्हायचं. इतकं सुंदर क्रियापद देणाऱ्या याच भाषेनं विरजणावर मात्र अन्याय केला आहे. कुणाच्या उत्साहावर काय पडतं? विरजण. सहल रद्द झाली, लग्न मोडलं, पावसानं सामना धुऊन नेला, की पडलंच विरजण. दुधाचं ज्यानं दही होतं त्याच्याच नावानं आपण निराशा ओळखायची, हे कुणी ठरवलं असेल? बहुधा दही न आवडणाऱ्यानं.

काका दोन आठवडे तापानं अंथरुणात होते. मी पुण्याहून पोचले तोवर घरातल्या विरजणाची माळ तुटली होती. ही साधी गोष्ट नव्हती. काकू गेल्यावर काकांनी बाकी सगळं सोडून दिलं, देवपूजासुद्धा चार फुलांवर आली, पण रोज रात्री साडेनवाला दूध विरजणं सोडलं नाही. ते विरजण आजीचं. आजी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा तिनं ते गदगहून आणलं. कसं, तर कापडातून. धुवट पंच्याचा हातभर तुकडा दाट दह्यात बुडवायचा, सावलीत कडक वाळवायचा आणि घडी करून ट्रंकेत लुगड्यांच्या मध्ये ठेवायचा. मुक्कामाला पोचल्यावर बोटभर तुकडा फाडून कोमट दुधात टाकायचा. पहिल्या दिवशी दुधाला नुसता वास येतो, दुसऱ्या दिवशी ते लिबलिबीत होतं, तिसऱ्या दिवशी सुरीनं कापावं असं दही. तो तुकडा मी लहानपणी पाहिला आहे. पिवळट, ताठ, पापडासारखा. आजी त्याला 'बी' म्हणायची. ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली त्याचा आंबूस वास यायचा, आणि आजी तो हुंगून बघायची. मेलेलं बी आणि झोपलेलं बी यांत तिला वासानं फरक कळायचा म्हणे.

माझी आई लग्न होऊन पुण्याला आली तेव्हा आजीनं तिच्याही पेटीत असाच तुकडा घातला. आईचं दही पहिले दोन महिने धारवाडचं होतं. मग हळूहळू ते पुण्याचं झालं. आईनं याचं खापर पुण्याच्या दुधावर फोडलं, नंतर पाण्यावर, नंतर माझ्या वडिलांच्या माणसांवर. खरं म्हणजे विरजणात कधीच एक जंतू नसतो, अख्खी आळी असते; दूध बदललं, हवा बदलली, पातेलं बदललं, की आळीतली काही बिऱ्हाडं उठतात, नवी येतात. आईला हे मी एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "म्हणजे माणसांचंच की." आईच्या बोलण्यातला तो धारवाडी 'की' मात्र पुण्यात पन्नास वर्षं काढूनही उठून गेला नाही.

तर, माळ तुटली. बाहेर ऑगस्टचा जिटिजिटि पाऊस, जो पडतो असं म्हणवत नाही आणि थांबतही नाही. धारवाड हे अर्धं मलनाडाचं आणि अर्धं पठाराचं गाव. हुबळी वीसेक किलोमीटरवर, पण तिथली काळी माती आणि इथली तांबडी, तिथली हवा आणि इथली, जुळत नाही. पावसाळ्यात माळमड्डीतल्या जुन्या घरांत असा गारठा भरतो की दूध रात्रभर दूधच राहतं. मी दुकानातल्या पिशवीतलं दही लावून पाहिलं, पातेलं घोंगडीत गुंडाळून जोंधळ्याच्या पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं. नाही लागलं. म्हणून अक्कांचं दार. पण मी गेले ती दिवेलागणीला. अक्का देवापुढची वात सारखी करून बाहेर आल्या, माझी वाटी बघितली आणि चेहरा पाडून म्हणाल्या, "ईग कोडबारद्री." या वेळेला देऊ नये. मीठ, दही आणि विरजण तिन्हीसांजेनंतर उंबरठ्याबाहेर जात नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. वाटी रिकामी परत पाठवणंही त्यांना जमेना. आत गेल्या आणि मूठभर ब्याडगी मिरचीचे देठ घेऊन आल्या. लाल सुरकुतल्या मिरचीचे वाळके, हिरवट-तपकिरी देठ. हे टाक म्हणाल्या, पाच-सहा, बुडतील असे.

रात्री मी ते देठ कोमट दुधात सोडले आणि स्वतःलाच हसले. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून परतायला संध्याकाळ झाली. झाकण काढलं तर दूध थरथरत होतं. दही म्हणावं असं नव्हतं, दूधही राहिलं नव्हतं. देठांवर आधीपासून वस्ती करून असलेल्या जंतूंना दूध सापडलं होतं.

दूध दूध का राहतं, हा खरा प्रश्न आहे. त्यातलं केसिन हे प्रथिन बारीक गोळ्यांनी तरंगत असतं. एकेक गोळा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. प्रत्येकाच्या अंगावर लव असते आणि त्या लवेवर ऋण भार. सगळे एकाच भाराचे, म्हणून एकमेकांना ढकलत राहतात. गर्दीत अंग चोरून उभ्या असलेल्या माणसांसारखे. विरजणातले जंतू दुधातली साखर खातात. ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्लापर्यंत अकरा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर वेगळा कामगार बसलेला. आम्ल साठत गेलं, सामू ४.६ च्या जवळ आला की गोळ्यांवरचा भार पुसला जातो. दुरावा संपतो. गोळे एकमेकांना धरतात, त्यांची जाळी होते आणि सगळं पाणी त्या जाळीत अडकून उभं राहतं. दह्यात घट्ट असं फार थोडं असतं. बहुतेक पाणीच, फक्त धरून ठेवलेलं.

चीज करणारे आम्लाची वाट बघत नाहीत. वासराच्या जठरात कायमोसिन नावाचा एक विकर असतो, तो दुधात घालतात. तो केसिनच्या एका प्रकारावर जातो, १६९ मण्यांच्या माळेत बरोबर १०५ आणि १०६ यांच्यामधला दोरा शोधतो आणि तेवढाच तोडतो. लव गळून पडते. पुढचं त्याला काही करावं लागत नाही, गोळे आपले आपणच बिलगतात. आणि रक्त? पेशी वगळल्या तर उरलेल्या लिटरभर द्रवात दोन ते चार ग्रॅम फायब्रिनोजेन विरघळलेलं असतं, शांत, एकमेकांपासून लांब. जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचा विकर येतो, फायब्रिनोजेनच्या टोकाचे चिमुकले तुकडे कापतो आणि निघून जातो. उरलेले धागे आपणहून एकमेकांत गुंततात. जाळी होते, तिच्यात रक्तपेशी अडकतात. एक कात्री, एक लहानसा काप, आणि मग बाजूला होणं. हेप्पु. कन्नडला हे कुणी शिकवलं?

विकर हा शब्द मला पटलेला नाही. पाठ्यपुस्तकात तो ठीक दिसतो, पण काकांना मी "पोटात विकर असतात" म्हटलं की ते 'विकार' ऐकतात आणि गोळी मागतात. एन्झाइम म्हणावं तर जर्मनीच्या विल्हेल्म क्यूनेनं १८७० च्या दशकात तो शब्द ग्रीकातून घडवला तो 'खमिरातलं' या अर्थानं. म्हणजे विरजणातलंच. त्याला मराठी येत असतं तर एवढा लांबचा वळसा पडला नसता. त्या काळी वाद असा होता की आंबणं ही जिवंत पेशीचीच करणी. १८९७ साली एडुआर्ड बुखनरनं यीस्ट वाळूबरोबर घोटलं, पिळून त्याचा रस काढला, तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आणि बुडबुडे यायला लागले. यीस्ट मेलेलं, काम चालू. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मेलेलं नव्हे, झोपलेलं.

काकांना पोटावर इंजेक्शनं सुरू झाली. रक्त साकळू नये म्हणून. औषध हेपारिनच्या घराण्यातलं. हेप्पु आणि हेपारिन! एक लावणारं, एक लागू न देणारं. नात्यानं काही संबंध नाही. हेपारिन हे ग्रीक यकृतावरून. १९१६ साली बाल्टिमोरला जे मॅक्लेन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारं द्रव्य शोधत होता, त्याला कुत्र्याच्या यकृतात नेमकं उलटं सापडलं. आज हे औषध बहुतेक करून डुकराच्या आतड्यातून काढतात. काकांना मी हे सांगितलेलं नाही. कांदा-लसणाचं ताट वेगळं ठेवणारा माणूस, त्याच्या पोटावर रोज सकाळ-संध्याकाळ काय टोचलं जातंय, हे सांगून काय मिळणार? नर्सबाईंना मात्र मी डोळ्यांनी खूण करून ठेवली होती.

रक्तात गोठवणारी मंडळी कायम हजर असतात, पण झोपेचं सोंग घेऊन. एक जागा झाला की तो पुढच्या अनेकांना जागं करतो, त्यातला प्रत्येक पुढच्या आणखी अनेकांना. १९६४ साली इंग्लंड आणि अमेरिकेत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे ही साखळी मांडली गेली आणि दोघांनाही धबधबाच सुचला. मी गोकाकचा धबधबा श्रावणात पाहिला आहे, तांबडालाल. त्यानंतर शरीरशास्त्राच्या पुस्तकातली बाणांची आकृती निर्जीव वाटते. काकांच्या बाबतीत जखम नव्हतीच. दोन आठवडे पाय हलला नाही, पोटरीतलं रक्त रेंगाळलं, आणि कुणीतरी झोपेतून उठला.

घरी सोडताना त्याच कामाची गोळी दिली. वॉरफरिनची सख्खी बहीण. वॉरफरिनच्या जन्माची गोष्ट मला दुधाचीच वाटते. अमेरिकेत विस्कॉन्सिनकडे गुरं बारीकशा जखमेनं रक्त वाहून मरायला लागली. ओलीनं बुरसलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाल्ला की असं व्हायचं. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठात पोचला. कॅनमध्ये दूध नव्हतं, रक्त होतं. न गोठलेलं. तिथल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं काही वर्षं खपून त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्याचाच एक भाऊबंद पुढं आधी उंदरांचं औषध झाला आणि मग माणसांचं. रक्त गोठवणारी काही प्रथिनं तयार व्हायला के जीवनसत्त्व लागतं आणि वापरलेलं के पुन्हा ताजं करणारा एक विकर असतो. हे औषध त्याच्याच खुर्चीवर जाऊन बसतं.

म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, पालेभाजी खा, पण रोज सारखीच. एक दिवस ढीगभर आणि एक दिवस शून्य, असं नको. हे धारवाडात सांगायचं म्हणजे कठीणच. इथं जोळद रोट्टीबरोबर मेथीची कच्ची जुडी, मुळ्याचा पाला, हक्करकी, समोर येईल ते बकरीसारखं चावून खातात. आता काका ताटातल्या हक्करकीच्या काड्या मोजतात. "आज सात झाल्या, उद्याही सातच की?"

विकराचं आणि त्याच्या गिऱ्हाइकाचं नातं शाळेत कुलूप-किल्लीनं शिकवतात. एमिल फिशर यांची ही उपमा १८९४ ची, आणि मला ती कधीच आवडली नाही. कुलूप थंड असतं. शिवाय ते फक्त बसतं की नाही बसत, एवढंच सांगतं. १९५८ साली कॉशलंड यांनी म्हटलं की बसताना विकरही वळतो, आकार बदलतो. त्यांनी हातमोज्याचं उदाहरण दिलं. इथल्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी कडेवरचं मूल सांगितलं असतं. मूल उचललं की कंबर आपोआप एका बाजूला झुकते, मुलाचे पाय तिला विळखा घालतात, दोघांचाही आकार त्या क्षणापुरता बदलतो. खाली ठेवलं की कंबर पुन्हा सरळ, दुसऱ्या मुलासाठी मोकळी.

आणि केवढा वेग! आपल्या केंद्रकाम्लांची अक्षरं घडवताना एका टप्प्यावर कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकावा लागतो. विकर नसता तर पाण्यात आपलं आपण ते काम निम्म्यापर्यंत यायला ७ कोटी ८० लाख वर्षं लागली असती, असा वुल्फेंडेन आणि राडझिका यांचा १९९५ मधला हिशोब आहे. विकर तेच एका सेकंदात डझनावारी उरकतो. एवढ्या मोठ्या आकड्यापुढं मला काही वाटेनासं होतं. मला साडेनवाचं पातेलं आणि सकाळचे सहा एवढंच कळतं.

तिसऱ्या रात्रीचं दही चांगलं लागलं. देठ काढून टाकलेले, आदल्या दिवसाचं चमचाभर घेऊन लावलेलं. वाटी काकांपुढं ठेवली. वर सायीची स्निग्ध पापुद्री, खाली प्रथिनांची जाळी, जाळीत उरलेली साखर, आणि त्या साखरेवर जगणाऱ्या कोट्यवधी जंतूंमध्ये गुंडाळलेली केंद्रकाम्लं. सजीवांचे चारही मूळ रेणू एका वाटीत. इथं बेंद्रे आठवायचा मोह आवरत नाही. घरी मराठी बोलणारा आणि कन्नडमध्ये कविता करणारा हा माणूस साधनकेरीला राहायचा, काकांनी त्यांना छत्री घेऊन चालताना कैकदा पाहिलं आहे. त्यांच्या ज्या संग्रहाला १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं त्याचं नाव 'नाकु तंती', चार तारा. आकड्यांचं त्यांना वेड होतं. चार रेणू, डीएनएची चार अक्षरं. त्यांना कुणी हे सांगितलं असतं तर त्यांनी अंगणातच काहीतरी मांडून दाखवलं असतं. काका दही चाटत म्हणाले, "आंबट आहे. मिरचीचं ना."

नंतर मी लाइन बाजारला गेले. चिगरी बसनं न जाता चालत, पाऊस असून. पेढ्याच्या दुकानापुढं रांग होतीच. उन्नावहून प्लेगच्या धास्तीनं निघालेलं ठाकूर कुटुंब इथं आलं आणि पेढे करू लागलं, ही कथा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. मी बघत होते तो रंग. हा तपकिरी रंग कुठल्याही विकराचा नाही. खवा आणि साखर तासन्‌तास परतून दुधाची साखर आणि प्रथिन एकमेकांवर करपतात, १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच माणसानं वर्णन केलेली ती क्रिया. नुसता विस्तव आणि दंड. एण्णेगाईसाठी चिरलेलं वांगं ताटात तसंच ठेवलं तर तेही तपकिरी होतं, पण ते गारच असतं. तिथं विकर काम करतो आणि आपण त्याला मिठाच्या पाण्यानं अडवतो. जिभेला मात्र दोन तपकिरींमधला फरक पुरता कळतो. विस्तवाची तपकिरी मला नेहमीच जास्त आवडली आहे, हे दह्याच्या बाजूनं एवढं बोलून झाल्यावर कबूल करायला हवं.

माझ्यापुढच्या माणसानं सव्वा दोन किलो सांगितले आणि प्रत्येक डबा वेगळा बांधून मागितला. पागोळ्या पाठीवर पडत होत्या. फोन वाजला. काका.

"अर्धा किलो आण की. पाव किलोत काय होतंय."